लेकराला माथेरान दाखवताना

मुंबई, ठाणे, पुण्याकडच्या किती तरी घरांत माथेरानची एखादी तरी आठवण जपलेली असते. नेरळहून निघणारी छोटी गाडी, तांबड्या धुळीने माखलेले मोजे, घोड्यावर बसवून काढलेला फोटो, येताना घेतलेली चिक्की आणि चामड्याच्या चपला. ज्यांचं बालपण सत्तरच्या, ऐंशीच्या किंवा नव्वदच्या दशकात गेलं, ते आज आईबाप झाले आहेत आणि सुट्टी लागली की पोरांना घेऊन त्याच डोंगरावर जातात. आपल्याला जे मिळालं ते मुलांनाही मिळावं, एवढीच त्यांची इच्छा असते. वर पोचून तासभर होतो न होतो तोच तोंडून निघतं, ‘आमच्या वेळी असं नव्हतं.’ मूल मान डोलावतं आणि खायला मागतं. बहुतेक घरांत विषय तिथेच मिटतो. मला वाटतं, सहलीतला सगळ्यात मोलाचा भाग तिथून सुरू व्हायला हवा. बालपणीच्या डोंगरावर मुलाला घेऊन जाणारा माणूस त्या जागेचा साक्षीदार असतो. काय होतं, काय गेलं, काय टिकलं आणि कुणामुळे टिकलं, हे त्याने नेमकेपणाने सांगितलं, तर मुलाच्या हाती त्या डोंगराची मोजपट्टी येते. नुसता उसासा टाकला, तर हाती काहीच येत नाही.

साक्षीदाराला आपल्या साक्षीच्या मर्यादा आधी माहीत हव्यात. तीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी आपल्याला जवळजवळ काहीच आठवत नाही आणि त्यानंतरच्या काही वर्षांचंही तुटक तुटकच आठवतं. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या पॅट्रिशिया बाउर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांशी त्यांच्या आयुष्यातल्या अलीकडच्या प्रसंगांबद्दल बोलून त्याची नोंद ठेवली होती. त्यातल्या ज्यांना पाच ते सात वर्षांच्या वयात पुन्हा विचारलं, त्यांना त्यातले साठ टक्क्यांहून अधिक प्रसंग आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या बाबतीत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या खाली आलं. म्हणजे बालपण विसरण्याची क्रिया बालपणातच चालू होते. उरतं ते बरंचसं घरातल्या गप्पांतून आणि अल्बममधल्या फोटोंतून पुन्हा पुन्हा घडवलेलं असतं. माथेरानच्या गाडीची वाफेची इंजिनं ऐंशीच्या दशकात सेवेतून गेली. नव्वदीत लहान असलेल्या एखाद्याला ‘आम्ही वाफेच्या गाडीने गेलो होतो’ असं ठामपणे आठवत असेल, तर बहुधा त्यात आजोबांची गोष्ट मिसळलेली असते किंवा स्टेशनाजवळ शोभेला ठेवलेलं जुनं इंजिन. अंतरं आणि उंचीही अशाच फसव्या. तीन-साडेतीन फुटांच्या उंचीवरून पाहिलेली दरी आणि मोठेपणी पाहिलेली दरी एकसारखी भासणार कशी? ‘तेव्हा सगळं किती भव्य होतं’ या वाटण्यात डोंगर बदलल्यापेक्षा आपली उंची बदलल्याचा वाटा मोठा असतो.

मग अशा डळमळीत आठवणींवर भिस्त ठेवायची कशाला, असं कुणीही विचारेल. याचं उत्तर समुद्राकडून मिळतं. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ साली एका छोट्या लेखात दाखवून दिलं, की मासेमारीच्या अभ्यासकांची प्रत्येक पिढी आपल्या उमेदीच्या काळात समुद्रात जेवढे मासे दिसले तेवढेच मूळचे, असं धरून चालते. घट मोजली जाते ती तिथपासून पुढची. आधीच्या पिढीने पाहिलेली घट हिशेबात येतच नाही आणि पाया दर पिढीला एकेक पायरी खाली सरकतो. त्याच सुमारास पीटर कान या मानसशास्त्रज्ञाने ह्यूस्टन शहरातल्या मुलांशी बोलून पाहिलं. प्रदूषण म्हणजे काय हे त्यातल्या बऱ्याच मुलांना नीट सांगता येत होतं, पण आपलं शहर प्रदूषित आहे असं मानणारी त्यामानाने थोडी होती. जन्मापासून हवा तशीच असेल, तर ती बिघडली आहे हे कळावं कशावरून? पुढे २००९ मध्ये सारा पॅपवर्थ आणि सहकाऱ्यांनी यॉर्कशायरमधल्या एका गावात पक्ष्यांबद्दल लोकांच्या आठवणी तपासल्या आणि त्या पक्षिगणनेच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या. तरुणांना जुन्या बदलांची कल्पना कमी होती. काही वडीलधाऱ्यांनाही स्वतः पाहिलेला बदल आठवत नव्हता. यातून मला दिसतं ते असं, की आठवण एकटी पुरेशी नसते आणि आठवणीवाचून भागतही नाही. ती नोंदींशी ताडून मुलापर्यंत पोचवावी लागते. नाही तर आज जे दिसतं आहे तेच मूळचं, असं समजून मूल मोठं होतं.

माथेरानच्या बाबतीत हे ताडून पाहणं शक्य आहे, कारण तिथला बदल पायाखाली दिसतो. सुमारे आठशे मीटर उंचीचा हा सपाट माथा दख्खनच्या काळ्या बेसाल्टचा आहे आणि त्यावर जांभ्या दगडाचं टोपण आहे. असंख्य पावसाळ्यांनी खडकातले विरघळणारे क्षार धुऊन नेले, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली, त्यांचाच हा तांबडा रंग. जांभ्यावरची माती पातळ असते. वर झाडांची दाट सावली, खाली पालापाचोळा आणि जमिनीत मुळांचं जाळं, या तिन्हींनी मिळून ती धरून ठेवलेली असते. एखाद्या पॉइंटकडे जाणाऱ्या वाटेवर मुलाला खाली बसवून नीट पाहायला सांगा. वाटेच्या दोन्ही बाजूंची जमीन उंच राहिलेली असते आणि मधली वाट घळीसारखी खोल गेलेली असते. जांभळीची, अंजनीची मुळं त्या वाटेवर उघडी पडून पायऱ्यांसारखी आडवी दिसतात. त्यांची वरची बाजू बुटांनी आणि घोड्यांच्या नालांनी घासून गुळगुळीत झालेली असते. मुळं हवेत उगवत नाहीत, म्हणजे एके काळी जमीन निदान त्यांच्या वरपर्यंत होती, हे आठ वर्षांच्या मुलालाही समजतं. मुळापासून खालच्या मातीपर्यंत त्याने वीत लावून पाहावी. त्या झाडाच्या आयुष्यात वाहून गेलेली माती त्याने स्वतः मोजलेली असते. आणि घरात त्याच वाटेवरचा जुना फोटो असेल, तर आपल्या हयातीत किती गेली तेही समोर येतं. ‘पूर्वी फार छान होतं’ या वाक्याने जे साधत नाही ते एवढ्याने साधतं. पर्यटक वाढले, घोड्यांच्या फेऱ्या वाढल्या, पावसाचं पाणी त्याच वाटांनी जोरात धावू लागलं, अशी कारणंही मग ओघाने येतात आणि मूल आपणहून विचारू लागतं, की ही माती गेली कुठे.

गेलेल्याची मोजणी करताना टिकलेल्याची केली नाही, तर साक्ष अर्धीच राहते. आज मूल माथेरानात रस्त्याच्या मधोमध बिनघोर धावू शकतं, आईला त्याचा हात धरून ठेवावा लागत नाही. मुंबईच्या मुलाला आयुष्यात क्वचितच अशी मोकळीक मिळते. ती मिळते, कारण दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारी जात नाहीत. हे आपोआप घडलेलं नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने फेब्रुवारी २००३ मध्ये माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१४ चौरस किलोमीटरचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. त्यामागे बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपसारख्या संस्थांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता. वाहनबंदीची जुनी परंपरा त्यामुळे कायद्याच्या चौकटीत पक्की झाली. गाडीचंही तसंच. सर आदमजी पीरभॉय यांनी सोळा लाख रुपये घालून, अडीच फुटांहूनही कमी, म्हणजे दोन फूट रुंदीचा हा रूळमार्ग उभारला आणि १९०७ मध्ये तो सुरू झाला. एकवीस किलोमीटर चढायला ही गाडी अडीच तासांहून अधिक वेळ घेते. २६ जुलै २००५ च्या पावसात रूळ वाहून गेले, ते दुरुस्त करून २००७ मध्ये गाडी परत सुरू झाली. २०१६ मध्ये डबे घसरल्यामुळे सेवा थांबली. २०१९ च्या पावसाळ्याने मार्गाची पुन्हा दुर्दशा केली आणि नेरळपासूनची गाडी ऑक्टोबर २०२२ मध्येच सुरू होऊ शकली. आज जी गाडी मुलाला ‘जुनीच’ वाटते, ती एवढ्या वेळा मोडून उभी राहिली आहे. प्रत्येक वेळी कुणी तरी खर्च मंजूर केला, कुणी तरी दरडी उपसल्या, कुणी तरी ती कायमची बंद करू नका म्हणून भांडलं. जुम्मापट्टी किंवा वॉटर पाइप स्टेशनात गाडी थांबली, की मुलाला हे सांगायला भरपूर वेळ असतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. जुन्या माथेरानची आठवण काढणारे आपण कोण? बहुतेक पाहुणे, तेही खाऊनपिऊन सुखी घरातले. आपल्या आठवणीत जे रम्य आहे ते कुणाच्या तरी पाठीवर उभं होतं. हातरिक्षाच घ्या. पुढून एक माणूस ओढायचा, चढावर मागून आणखी एक-दोघे रेटायचे आणि आत पाहुणे बसायचे. लहानपणी त्यात बसलेल्या अनेकांच्या मनात ती मौज म्हणून राहिली आहे. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठापुढे आलेल्या प्रकरणात ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला धरून नाही असं स्पष्ट सांगितलं, सहा महिन्यांत ती बंद करायला आणि ओढणाऱ्यांचं ई-रिक्षांच्या आधारे पुनर्वसन करायला राज्य सरकारला फर्मावलं. परवाने होते ९४. इतक्या वर्षांत लाखो पाहुण्यांनी त्या रिक्षा पाहिल्या, वापरल्या, त्यांच्यासोबत फोटो काढले. हा आक्षेप मला माझ्या म्हणण्याच्या विरोधातला वाटत नाही. मोजपट्टी प्रामाणिक असेल, तर ती दोन्ही बाजूंनी मोजते. तेव्हाचं सगळंच चांगलं आणि आताचं सगळंच वाईट असं सांगणारा साक्षीदार मुलाची दिशाभूल करतो. हे सुधारलं, हे सुधारायला फार उशीर झाला, आणि तेव्हा आम्हाला ते खटकलंही नाही, असं मुलापुढे स्वच्छ बोललं गेलं पाहिजे. माकडांना बिस्किटं, शेंगदाणे भरवण्याचंही तेच. आपल्या बालपणी तो सहलीचा ठरलेला कार्यक्रम होता. पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या हातून खाल्ल्यामुळेच लाल तोंडाची माकडं आज पिशव्या हिसकावतात, हे आता आपल्याला माहीत आहे. मुलाने खाऊ देण्याचा हट्ट धरला, तर आपल्या जुन्या फोटोतली तीच कृती चूक होती हे सांगावं लागेल.

दुसरा आक्षेप स्थानिकांच्या बाजूने येतो आणि त्याचं वजन अधिक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार माथेरानची वस्ती साडेचार हजारांच्या आत होती. या लोकांना शाळा-दवाखाना पायी गाठावा लागत आला आहे आणि गॅसचं सिलिंडर, किराणा, सगळं घोड्यावर किंवा हातगाडीवर आणावं लागत आलं आहे. रुग्णवाहिकेला मुभा आहे, पण रोजच्या जगण्याला ती काय पुरणार? पाहुण्यांना बालपण जसंच्या तसं हवं म्हणून रहिवाशांनी विसाव्या शतकात राहायचं, हा न्याय नाही. मला हे पूर्ण मान्य आहे. फक्त त्यावरून जो निष्कर्ष काढला जातो, की आठवणी बाजूला ठेवा आणि विकास येऊ द्या, तो मान्य नाही. शाळेतल्या मुलांना, म्हाताऱ्यांना, अपंगांना ई-रिक्षा मिळणं आणि दस्तुरीपर्यंत आलेली प्रत्येक मोटार उद्या बाजारपेठेत शिरणं, या दोन्हींत फरक आहे. तो फरक कुठे आखायचा हे ठरवताना, वाहन नसलेलं गाव कसं असतं याचा अनुभव असलेली माणसं लागतात. रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवण्याच्या वादात हे दिसलं. धूप थांबेल आणि ई-रिक्षा चालेल म्हणून ब्लॉक हवेत, असं एक म्हणणं. पाणी जमिनीत मुरणार नाही, घोडे घसरतील आणि आज ब्लॉक तर उद्या मोटारी येतील, असं दुसरं. न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या रस्त्याला मुभा दिली आणि आतले रस्ते, पायवाटा यांवर ब्लॉक नकोत असं सांगितलं. मला ही आखणी पटते. पण आतल्या वाटा मातीच्या का ठेवायच्या, हे पुढच्या पिढीला त्या वाटांवर चालल्याशिवाय समजणार नाही. शेजारच्या इर्शाळगडाच्या उतारावरच्या वाडीतली घरं जुलै २०२३ मध्ये दरडीखाली गेली. या भागात पाणी आणि माती यांच्या गणिताला हलक्यात घेता येत नाही.

तिसरा आक्षेप मुलाच्याच बाजूचा. त्याची सुट्टी आहे, त्याला हुंदडू द्या, त्याच्या डोक्यावर तुमचा इतिहास कशाला? व्याख्यान दिलं तर मूल कंटाळणारच, यात शंका नाही. पण गप्पा आणि व्याख्यान एकच नव्हेत. रॉबिन फायवश आणि इलेन रीझ यांनी आईवडील आणि मुलं जुन्या प्रसंगांवर कशी बोलतात याचा अनेक वर्षं अभ्यास केला. काही पालक तपशिलात शिरतात, मुलाला ‘मग पुढे काय झालं’, ‘तुला काय दिसलं’ असं विचारतात, त्याने अर्धवट सांगितलेलं पुढे नेतात. काही नुसती परीक्षा घेतात. पहिल्या प्रकारच्या पालकांच्या मुलांना पुढे प्रसंग अधिक भरघोस आठवतात. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या दीर्घ अभ्यासात तर अशा आयांच्या मुलांना किशोरवयात सांगता येणारी पहिली आठवण इतरांपेक्षा अधिक लहान वयातली निघाली. तेव्हा मुलाला डोंगर लक्षात राहावा असं वाटत असेल, तर त्याच्याशी बोलणं हाच त्याचा मार्ग आहे आणि चालता चालता बोलण्याइतकं सोपं दुसरं काही नाही. फोनबद्दलही एक उपयोगी गोष्ट कळली आहे. लिंडा हेंकेल यांनी एका संग्रहालयात केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वस्तूंचे फोटो काढणाऱ्यांना त्या वस्तू नुसतं पाहणाऱ्यांपेक्षा कमी आठवल्या. मात्र जवळ जाऊन एखाद्या भागावरच कॅमेरा रोखला, तेव्हा हा तोटा दिसला नाही. दरीपुढे उभं राहून काढलेल्या पन्नास सेल्फींपेक्षा उघड्या मुळाचा एक फोटो मुलाच्या जास्त ध्यानात राहील, असं यावरून म्हणता येतं.

दोन दिवसांत सगळे पॉइंट ‘करण्या’चा बेत मात्र सोडावा लागेल. पॅनोरमा, लुइसा, एको, शार्लट लेक, सूर्यास्ताचा पॉर्क्युपाइन अशी यादी पुरी करताना घोडेवाल्याच्या घाईने मूल नुसतं फिरवलं जातं. अमन लॉज स्टेशनापासून गावापर्यंत रुळांच्या कडेने पायी जावं, एकच वाट निवडावी आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा तिच्यावर चालावं. निघण्यापूर्वी घरातला जुना अल्बम काढून दोन-चार फोटो सोबत घ्यावेत, त्याच जागा शोधाव्यात, तिथेच मुलाला उभं करून नवा फोटो काढावा आणि दोन्हींवर वर्ष व जागा लिहून ठेवावी. तीस वर्षांनी मुलाला कुणाच्या सांगण्यावर विसंबावं लागणार नाही.

शिवाय आपली आठवण हा या डोंगराच्या इतिहासातला वरचा पातळ थर आहे, हेही त्याला कळू द्यावं. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात चौक गावाकडून वर चढला आणि त्याने माथेरान ‘शोधलं’ असं पाट्यांवर लिहिलेलं असतं. धनगर, ठाकर, कातकरी त्याच्या कितीतरी आधीपासून या रानात वावरत होते. याच माथेरानात १९१२ साली विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल जन्मले, वकील झाले, बेचाळीसच्या लढ्यात आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीने हुतात्मा झाले. पाहुण्यांच्या अल्बममध्ये त्यातलं काहीच नसतं. त्यासाठी बाजारपेठेतल्या एखाद्या जुन्या दुकानदाराजवळ किंवा तीन पिढ्या घोडा चालवणाऱ्या घरातल्या माणसाजवळ बसावं लागतं. पूर्वी पाणी कुठून भरत होता, पावसाळ्याचे चार महिने कसे काढता, ही वाट तुमच्या लहानपणी किती रुंद होती, हे प्रश्न मुलालाच विचारू द्यावेत. तो माणूस जे सांगेल ते बहुधा आपल्या आठवणीशी जुळणार नाही. जिथे जुळणार नाही, तिथे आपणही मुलाच्या शेजारी बसून ऐकावं आणि वहीत दोन्ही म्हणणी टिपून घ्यावीत.